माझा बेस आणि ताईचं टेबल

पुढे जे सांगतोय त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा बसणार नाही, तुमच्या शेजाऱ्याचा बसणार नाही, आणि ज्या तिघांसमोर मी हे पहिल्यांदा सांगितलं त्यांचा तर बसायच्या आधीच उठला. पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. खऱ्या गोष्टींची पंचाईतच ही असते, की त्या नीट रचायला कुणी बसलेलं नसतं.

झालं असं. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय पंच्याहत्तर, धंदा पुस्तकं बांधायचा. सोबत तिचा जावई. हा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. म्हणजे कुणाचं दुकान जळालं की तिथे जाऊन ते जळालं की जाळलं, हे राखेचा वास घेऊन सांगतो. खाली टेम्पो उभा, टेम्पोत दोन हमाल. ताईने चपला काढायच्या आत विचारलं, "छोट्या, माझं टेबल कुठे आहे?"

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. पण ताईने छोट्या म्हटलं की मी सात वर्षांचा होतो, आणि सात वर्षांच्या पोराला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. मी छताकडे बघितलं.

तेवढ्यात आतून ही आली, ओले हात पुसत. "टेबल? वन्सं, ते तर तुम्हीच नेलंत ना गेल्या महिन्यात. मी आठ दिवस भावाकडे गेले होते तेव्हा. हे म्हणाले, ताईची माणसं आली आणि घेऊन गेली."

"माझी माणसं?" ताई म्हणाली. "माझी माणसं म्हणजे हे एक जावईबापू. काय हो, तुम्ही नेलंत?"

"मी हा जिना आज पहिल्यांदा चढलो," जावई म्हणाला, आणि त्याने खिशातून एक छोटी वही काढली. माणूस बोलतोय तोवर ठीक असतं. लिहायला लागला की संपलं.

आता हे टेबल म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका टेबलाचं एवढं काय. ताईने त्यावर चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. वरची फळी दीड इंच जाड, पाय माझ्या मनगटाहून रुंद. तीन वर्षांपूर्वी तिची नजर मधोमध धूसर झाली. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तिने दुकान बंद केलं आणि टेबल माझ्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. "सांभाळ," एवढंच म्हणाली. आणि आता वाचनालयाने तिला शंभर जुनी पुस्तकं बांधायला देऊ केली होती. तिने त्यांना विचारलं, डोळ्यांनी न बांधता बोटांनी बांधली तर चालतील का. ते म्हणाले, सोमवारी पाच घेऊन जा, बांधून दाखवा, मग बघू.

बोटांनी म्हणजे कसं, तर त्या फळीच्या कडेला ताईने सुरीने पाडलेल्या बारा खाचा आहेत, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. पुठ्ठा त्यांना भिडवायचा, बोटाने खाच मोजायची आणि कापायचं. सातवी खाच दुहेरी आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी सुरी घसरली होती. पुढे ती चूकच खूण झाली. सातवी हाताला लागली की आजूबाजूच्या आपोआप लागतात.

"दुसरं टेबल घ्या की वन्सं," ही म्हणाली. "त्यावर नव्या खाचा पाडा."

"पाडायच्या तर मोजाव्या लागतात," ताई म्हणाली, "आणि मोजायला डोळे लागतात. टेबल नसेल तर काम परत करायचं. मग बसायचं दिवसभर खुर्चीत, जावयाला कंटाळा आणत."

"मला नाही येत कंटाळा," जावई म्हणाला.

"मला येतो."

मग तिघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. ताईने कडेने पाहिलं, कारण तिला समोरचं दिसत नाही. पण खरं सांगतो, तिघांत तिचंच बघणं सगळ्यात बोचलं.

"बसा," मी म्हणालो. "हिला मी खोटं सांगितलं, ते कबूल. पण खरं सांगितलं असतं तर हिने विश्वास ठेवला नसता."

"ठेवायचा की नाही ते आमचं आम्ही बघू," ताई म्हणाली. "तू सांग."

तर मी सांगितलं ते असं.

मी एकतीस वर्षं थेटरात प्रोजेक्टर चालवला. थेटरात तोफ उडते तेव्हा ती कानाला कळत नाही, आधी खुर्चीला कळते, खुर्चीकडून मणक्याला, आणि कानाला सगळ्यात शेवटी निरोप मिळतो. याला म्हणतात बेस. थेटर बंद पडलं, मी घरी आलो, टीव्ही लावला. तोफ उडाली. डब्यात वाटाणा पडावा तसा आवाज झाला. मला रडू यायचं बाकी राहिलं.

म्हणून मी सबवूफर बनवायला घेतला. सबवूफर म्हणजे नुसता खालचा आवाज काढणारी पेटी; तोफ, ढग, घोड्यांच्या टापा. थेटर मोडलं तेव्हा बारा इंची जुना स्पीकर मी मागून आणला होता. त्याला पातळ प्लायची पेटी केली, तारा जोडल्या, खुर्चीत बसलो आणि घोडे सोडले. पडद्यावर अडीचशे घोडे. माझ्या कानाला एकही नाही.

"मग?" ताई म्हणाली.

मग गंमत अशी, की तासाभराने खालचा घड्याळजी वर आला. आमच्या जिन्याखाली त्याचं दुकान आहे, दुकान कसलं, खिडकीएवढं बीळ. म्हणाला, माझा चिमटा टेबलावर आपोआप चालतोय, वर काय चाललंय? आता सांगा, पेटी माझी, वीज माझी, घोडे माझे, आणि टापा त्याच्याकडे. कुठेतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, हा माझा बेस चोरतोय.

"बेस चोरतोय," जावई लिहिता लिहिता म्हणाला. "कसा?"

"तेच तर बघायचं होतं, जावईबापू. तुम्ही जळक्या दुकानात जाता तसा मी त्याच्या दुकानात गेलो. माझं चालू घड्याळ घेऊन."

घड्याळजीने घड्याळ कानाला लावलं. "काय झालंय याला?"

"काही नाही. तपासून द्या."

"काही नाही तर तपासू काय?" त्याने डोळ्याला भिंग लावलं, पण घड्याळाऐवजी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही माझ्या छताकडे काय बघताय?"

"तुम्ही माझ्या जमिनीखाली काय करताय?"

"वर घोडं पाळलंय का तुम्ही?"

"म्हणजे तुम्हाला टापा ऐकू येतात तर."

"परवापासून येतात."

"माझ्या आहेत त्या," मी म्हणालो. त्यावर त्याने ते घड्याळ एका बोटाने हळूच माझ्याकडे परत सरकवलं. त्या दिवसापासून तो मला पाण्यात पाहतो आणि मी त्याला.

"यात टेबल कधी येतं, मामा?" जावयाने विचारलं.

"येतंय. जिना चढतंय असं समजा."

तर तीन दिवस पाळत ठेवल्यावर मला कळलं, की चोर खाली नव्हताच. चोर पेटीत होता. पातळ प्लायची पेटी स्वतःच थरथरते, आणि थरथरणारी पेटी बेस खाते. सावकाश गात असलेल्या माणसाच्या बरगड्या हलायला लागल्या तर गाणं बाहेर येईल का? पेटी हवी जाडजूड, ठोकली तर दगडासारखी बोलणारी. म्हणून मी ती प्लायची पेटी मोडली आणि दीड इंची लाकडाची नवी केली.

"दीड इंची," ताई म्हणाली.

"दीड इंची."

"कुठून आणलंस?"

"जुनं दार होतं. एका पडलेल्या इमारतीचं."

"कुठली इमारत?" जावई म्हणाला.

"पडलेली म्हटलं ना. आता दाखवू काय तुम्हाला?"

ही दाराला टेकून उभी होती. "मी भावाकडून आले तेव्हा घरभर भुसा होता," ती म्हणाली. "गाद्यांत भुसा, चपलांत भुसा. मी विचारलं तर म्हणाले, किडे लागलेत."

"दाराचाच भुसा तो."

"मग किडे का म्हणालात?"

"दारालाच लागले होते."

जावयाने पान उलटलं. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस प्रश्नांपेक्षा पानं उलटून जास्त घाबरवतो.

"पेटीचं माप?" त्याने विचारलं. त्याला मापांचं भारी वेड. मी खूश झालो, कारण मापं खरी सांगता येत होती. पेटीच्या छापील नकाशात आतली रुंदी पंधरा इंच होती. मी अठरा केली, चार बोटं जास्त.

"का?"

"पेटी मोठी, तर बेस खोल. साधा नियम आहे. लहान भांड्यात हंड्याचा आवाज निघतो का?"

"आणि ही पेटी झाली तेव्हा टेबल इथेच होतं? या कोपऱ्यात?"

"इथेच," मी म्हणालो. "आता टेबलावरच येतोय."

मोठी पेटी झाली तरी खुर्चीत बसून घोडे काही येईनात. टापा यायच्या, पण शेजारच्या गल्लीतून गेल्यासारख्या. बेसचा स्वभाव पाहुण्यासारखा असतो, तो बोलावलेल्या ठिकाणी बसत नाही. खोलीच्या मध्ये थांबत नाही, भिंतीला जाऊन टेकतो, कोपऱ्यात गर्दी करतो. त्याला शोधायची एक रीत आहे. आपण बसतो त्या खुर्चीवर पेटी ठेवायची, आणि आपण जमिनीवर रांगायचं. रांगता रांगता जिथे आवाज सगळ्यात दाट लागेल तिथे पेटी न्यायची. मग खुर्चीत आपण, कोपऱ्यात पेटी.

"रांगलात?" ही म्हणाली. "तुम्ही? तुम्हाला तर चप्पल शोधायला वाकता येत नाही."

"चपलेत बेस नसतो."

मी रांगत होतो, कान जमिनीला, डोळे मिटलेले, खुर्चीत पेटी ऐटीत बसलेली, आणि घड्याळजी तक्रार घेऊन दारात उभा. त्याने आधी खुर्चीतल्या पेटीकडे बघितलं, मग खालच्या माझ्याकडे. मी म्हणालो, "बसा, माझा आवाज हरवलाय." तो उलट्या पावलांनी जिना उतरला. जावईबापू, हे लिहून घ्या. याला साक्षीदार आहे.

आणि बेस सापडला कुठे? नेमका ताईच्या टेबलाखाली. त्या कोपऱ्यात तो इतका दाट होता की सुरीने कापून वाटता आला असता. म्हणून मी टेबल तिथून काढलं आणि दाराशी लावलं.

"एकट्याने?" जावई म्हणाला. "त्याला दोन हमाल कमी पडतील म्हणून मी तिसरा आलोय."

"पायांना साबण लावला."

"साबण," त्याने लिहिलं.

"आणि माझी उशी?" ही म्हणाली. "ती कुठे गेली ते विचारायचं राहूनच जातंय."

मी ताबडतोब कबूल केलं. तिचा कापूस पेटीच्या आतल्या अंगाला लावला आहे, त्याने आवाज मऊ येतो. लहान चोरी अशी झटकन कबूल करावी. माणसं तिच्यावरच रागावतात आणि मोठीचं विचारायचं विसरतात. हीदेखील रागावली, पाच मिनिटं उशीवर बोलली. ताई मात्र काही विसरली नव्हती. ती शांत बसून होती, मांडीवर दोन्ही हात, आणि बोटं एकमेकांवर काहीतरी मोजत होती.

आता राहिला पाइप. पेटीच्या तोंडाला एक वाटोळं भोक असतं, हात जाईल एवढं, आणि त्यात पाइप बसवतात. पाइप जितका लांब तितका बेस खाली उतरतो. माझा पाइप चिकटवलेला नाही, नुसता दाबून बसवला आहे, कारण मी रोज तो बदलत होतो. एक वीत केला, ढग आले. दीड वीत केला, तोफ आली. आणि त्या गुरुवारी, सकाळी अकराला, मी तो तब्बल दोन हात केला.

"दोन हात पाइप अठरा इंची पेटीत?" जावयाने विचारलं.

"आत वळवला. मध्ये बोलू नका, आता टेबल येतंय."

बटण दाबलं. आवाजच आला नाही. आधी मला वाटलं, तार सुटली. मग बघितलं तर भांड्यातल्या पाण्यावर वर्तुळं. बेस कानाच्या खाली उतरला होता. कानाला काही नाही, पण पोटाला कळत होतं, दातांना कळत होतं. भिंतीवरची तसबीर तोंड फिरवून बसली. आणि दाराशी ठेवलेलं ताईचं टेबल, पायांना साबण लावलेलं, हलकेच शहारलं. एक ठोका, एक इंच. दुसरा ठोका, दुसरा इंच. आधी पुढचे पाय, मग मागचे, शेळीसारखं. उंबऱ्याशी थबकलं, पाय उचलला आणि बाहेर.

खाली टेम्पोत हमाल खोकला तेवढा ऐकू आला.

मी धावलो. टेबल जिन्यावर. त्या वळणावर आम्हाला कपाट वळवायला तास लागला होता, दोन माणसांची बोटं चेचली होती. ते एका दमात वळलं. घड्याळजीच्या खिडकीवरून गेलं, रस्त्याला लागलं, डावीकडे वळलं. सिग्नल लाल होता. थांबलं.

"थांबलं," ताई म्हणाली.

"तुझ्या हाताखाली चाळीस वर्षं काढलीत त्याने. शिस्त आहे."

"आणि तू काय केलंस?"

"मी मागे. पण माझे गुडघे म्हणजे जुन्या बिजागऱ्या. चौकात मला धाप लागली. शेवटचं दिसलं ते छापखान्याच्या गल्लीत शिरताना." मी आवाज थोडा खाली आणला, पाइप लांब केल्यासारखा. "ताई, मला वाटतं, ते तुझ्या जुन्या दुकानाकडे गेलं."

हे बोलायला नको होतं. ताईने चेहरा खिडकीकडे वळवला. तिच्या जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, हे तिला माहीत होतं आणि मलाही. क्षणभर मला वाटलं, तिने विश्वास ठेवला. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, ठेवला नसता तर बरं झालं असतं.

जावयाने वही मिटली. "मामा, टेबल बेसमुळे चालत होतं ना? मग तुम्ही बटण का बंद केलं नाहीत?"

"मी जिन्यात होतो."

"म्हणजे घरात बेस चालू आणि चौकापर्यंत टेबल चालतंय. आणि तुमची खुर्ची? ती तर पेटीसमोरच होती. ती चालली नाही?"

"तिच्या पायांना साबण नव्हता."

"बरोबर," तो म्हणाला, "मी जरा साक्षीदाराला भेटून येतो." आणि जिना उतरला.

खोलीत आम्ही तिघं उरलो. ही माझ्याकडे बघत होती, तेही निरखून, नासलंय की नाही हे कळत नसलेल्या दुधाकडे बघावं तसं. ताई उठली. हात पुढे धरून कोपऱ्याशी गेली आणि पेटीवरून तळवा फिरवला. पेटी काळी रंगवलेली आहे, वर गुळगुळीत पॉलिश.

"हात चांगला बसलाय तुझा," ती म्हणाली. "सांधा कळत नाही. एकही ओरखडा नाही वर."

मला बरं वाटलं. इतक्या वेळात पहिलं गोड वाक्य. "चार वेळा घासलं," मी म्हणालो.

"पण दार जुनं होतं ना? किडलेलं? मग खराब बाजू कुठे गेली?"

"आत," मी म्हणालो. "तूच शिकवलंस की लहानपणी. पुठ्ठ्याची डागी बाजू नेहमी आत, चांगली बाहेर. उघडून बघतो कोण."

"हो," ताई म्हणाली. "मीच शिकवलं."

जिन्यात पावलं वाजली. जावई वर आला, वही न उघडताच बोलला. "घड्याळजी म्हणतात, त्यांच्या खिडकीतून माणसांचे फक्त पाय दिसतात. पण गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी टेबलाचे चार पाय जाताना त्यांनी नक्की बघितले."

"बघा," मी म्हणालो. घड्याळजीबद्दल माझं मत एकदम सुधारलं.

"दोरीने एकत्र बांधलेले होते म्हणे. तुम्ही जमिनीवरून ओढत नेत होतात. वर फळी नव्हती."

"दमलं होतं ते," मी म्हणालो. "शेवटी शेवटी ओढावं लागलं."

"आत्ता तर सिग्नलला थांबलं होतं," ही म्हणाली.

"सिग्नलनंतर दमलं."

"सिग्नल रस्त्यावर आहे, अहो. घड्याळजीची खिडकी जिन्यात."

माझं यावर उत्तर तयार होतं, आणि चांगलं होतं. पण ताई पेटीशी खाली बसली होती. पंच्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे टेकून. तिने चाचपून पाइप धरला आणि ओढला. तो बाहेर आला. वीतभर होता. तिने तो बाजूला ठेवला, बाही वर सारली आणि भोकात हात घातला, कोपरापर्यंत.

"ताई, आत तारा आहेत."

"लागल्या. बाजूला केल्या. ही उशी." मूठभर कापूस बाहेर आला. हात पुन्हा आत गेला, खाली तळाकडे. तिचा चेहरा माझ्याकडे होता, पण बघत ती कुठेच नव्हती. चाळीस वर्षं दुकानात मी हाच चेहरा पाहिला होता; पुठ्ठा भिडवल्यावर, कापायच्या आधीचा.

"एक," ती म्हणाली.

जावई पुढे झाला. तिने दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं.

"दोन. तीन. चार." मध्ये हात सरकवायला थांबली. "पाच. सहा." मग तिचा दंड तिथल्या तिथे मागे-पुढे होत राहिला. हीदेखील वाकून बघायला लागली, जणू त्या अंधारात काही दिसणार होतं. मी मात्र वाकलो नाही, कारण करवत मी धरली होती आणि पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

"सात," ताई म्हणाली, आणि तिचा खांदा सैल पडला. "दुहेरी."

पुढच्या तिने मनात मोजल्या. ओठ हलत होते. दहाला, अकराला तिचा दंड पेटीत खांद्यापर्यंत गेला, गाल काळ्या पॉलिशवर टेकला. मग ती तशीच राहिली.

"बाराही आहेत," ती म्हणाली. "शेवटची अगदी भिंतीला लागून. काठही शाबूत."

हात बाहेर काढून तिने कोपराला लागलेला कापूस झटकला. जावयाकडे वळली. "हमालांना वर बोलवा. टेबल सापडलं. आतला स्पीकर काढून याला द्या, बाकी खोकं उचला. पाय नवे लावता येतात. मला तळाची फळी पुरे."

जावई खिडकीशी जाऊन हमालांना हाक मारू लागला. मी म्हणालो, "ताई, ऐक. ते टेबल त्या गुरुवारी संध्याकाळी परत आलं होतं, आणि इतकं थकलेलं होतं की..."

"छोट्या," ती म्हणाली, "ते चालत गेलं हे खोटं. दार पडलेल्या इमारतीचं हे खोटं. किडे खोटे, साबण खोटा. पण नकाशात पंधरा इंच असताना पेटी अठरा इंची केलीस, ती बेससाठी, हे सगळ्यात मोठं खोटं. पंधरावर कापली असतीस तर माझ्या दोन खाचा गेल्या असत्या."